भाव कुणाचा, कुवत कुणाची?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरी आयपीएलचा मोठा लिलाव झाला. दोन दिवस चाललेल्या त्या बाजारात ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांचा भाव आला, बिहारच्या वैभव सूर्यवंशी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला १ कोटी १० लाख मिळाले, आणि आमच्या पश्चिम रेल्वेच्या वरच्या अंगाची दोन मुले मात्र बिनभावाची ठरली. एक विरारचा पृथ्वी शॉ, मूळ किंमत ७५ लाख. दुसरा पालघरचा शार्दूल ठाकूर, मूळ किंमत २ कोटी. नाव पुकारले गेले, कुणी हात वर केला नाही, पुढचे नाव आले. गोखिवऱ्यात त्यानंतर आठवडाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एका पक्षाचे म्हणणे, बाजाराला सगळे बरोबर कळते. दुसऱ्याचे म्हणणे, बाजाराला काडीचे कळत नाही. मी दोन्ही पक्षांचा चहा प्यालो, पण मत कुणालाच दिले नाही. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही सवय जडतेच.

पण विषय डोक्यातून जाईना. कारण ही दोन मुले सहा वर्षांपूर्वी एकाच मालिकेत कसोटी क्रिकेटमध्ये उतरली होती. ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडिजविरुद्ध. राजकोटला पृथ्वीने पदार्पणातच १३४ धावा केल्या. पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान वयाचा भारतीय. पुढच्याच कसोटीत, हैदराबादला, शार्दूलने पहिले षटक टाकले, दुसऱ्या षटकातले चार चेंडू टाकले आणि जांघ धरून तो मैदानाबाहेर गेला. पदार्पणात दहा चेंडू! त्या संध्याकाळी कुणी या दोघांची भविष्याची यादी करायला बसला असता, तर वरचे नाव कुठले आणि खालचे कुठले यावर वाद होण्याचे काही कारणच नव्हते.

पुढचे वाचकांना ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, शार्दूलने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. पृथ्वीची शेवटची कसोटी त्याच दौऱ्यावर महिनाभर आधी ॲडलेडला झाली होती. भारत ३६ धावांत गारद झाला ती. मध्यंतरी २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या निषिद्ध द्रव्यापायी त्याला आठ महिन्यांची बंदी सोसावी लागली होती. तरी बाजाराचा त्याच्यावर लोभ होता. २०१८ साली १ कोटी २० लाखांना घेतलेल्या या मुलाला दिल्लीने २०२२ साठी साडेसात कोटींना राखून ठेवले. त्याच साली शार्दूल पावणेअकरा कोटींना गेला. आणि २०२४ मध्ये दोघेही शून्य. त्यातला शार्दूल मार्च २०२५ मध्ये एका जखमी गोलंदाजाच्या जागी लखनौकडे गेला, त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कसोटी खेळला, आणि पुढच्या मोसमात मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार झाला. पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकले, आणि डिसेंबरच्या लिलावात आधी पुन्हा कुणी विचारले नाही, मग शेवटी दिल्लीने मूळ किमतीला, ७५ लाखांना घेतले.

एवढे चढउतार तर आमच्या शाखेतल्या एखाद्या रंगाच्या कारखानदाराच्या खात्यातही मी पाहिले नाहीत. आणि तरीही मी बाजाराला खुळा म्हणणार नाही.

या वादाचे एक मोठे भावंड अमेरिकेत आहे. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो हाताने खेळायचा फुटबॉल, हा आपल्याकडच्या क्रिकेटइतकाच मोठा धर्म आहे. शाळेत खेळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तिथले जाणकार तारे देतात. पाच तारे, चार तारे, तीन तारे. कुठल्या विद्यापीठाने किती तारे गोळा केले यावरून विद्यापीठांचीही यादी लागते. मग दरवर्षी तोच वाद. एक जण म्हणतो, पाच तारे मिळालेली पोरेच जास्त प्रमाणात व्यावसायिक संघांत पोचतात. दुसरा म्हणतो, व्यावसायिक संघांतली डोकी मोजा, त्यात तीन किंवा त्याहून कमी ताऱ्यांचीच जास्त भरतील. आणि गंमत अशी की, दोघेही खरे बोलत असतात. पाच ताऱ्यांची मुले वर्षाला जेमतेम तीस-बत्तीस, तीन ताऱ्यांची हजारांनी. तिसातले निम्मे पोचले तरी डोकी पंधराच, आणि हजारातले शंभरात तीन पोचले तरी डोकी तीस! टक्केवारी मोजणारा आणि डोकी मोजणारा, हे दोघे एकमेकांशी भांडत राहतात, कारण त्यांनी एकाच हिशेबाच्या दोन वेगवेगळ्या रकान्यांवर बोट ठेवलेले असते.

बँकेत हा हिशेब आम्ही रोज करत होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कर्जदारांना गुण देण्याची पद्धत रुळली. ताळेबंद, उलाढाल, तारण, मालकाचा अनुभव, प्रत्येकाला इतके इतके गुण, बेरीज करून वर्ग. ही पद्धत टाकाऊ होती का? मुळीच नव्हती. वरच्या वर्गातली शंभर खाती आणि खालच्या वर्गातली शंभर खाती घ्या. थकीत खाती खालच्या शंभरात जास्त सापडायची. शंभरांविषयी गुणपत्रक खरे बोलत असे. पण समोर खुर्चीत बसलेल्या एका माणसाविषयी ते काय सांगत असे? फारच थोडे. गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात दोन लेथवर काम करणारा माणूस कागदावर नापास होता आणि त्याचा एक हप्ता कधी चुकला नाही. ज्याची फाइल आम्ही कौतुकाने वरच्या कार्यालयात पाठवली असा एक जण दीड वर्षात कुलूप लावून निघून गेला. अनुभवी मॅनेजर दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायचा. गुणपत्रक फाडायचा नाही आणि त्याची पूजाही करायचा नाही.

दुसरीही एक गोष्ट तिथेच कळली, आणि माझ्या लेखी ती जास्त मोलाची आहे. कमी गुण मिळालेल्या कर्जदाराला व्याज जास्त लागत असे आणि मर्यादा कमी मिळत असे. खेळते भांडवल अपुरे, त्यात व्याजाचा बोजा. मग तो अडखळायचा. तो अडखळला की आम्ही म्हणायचो, बघा, गुणपत्रक बरोबर निघाले! गुणपत्रकाने भाकीत केले होते की त्याचा पाय ओढला होता, हे नंतर ताडून पाहायला काही मार्ग उरत नसे.

आता हे क्रिकेटला लावून पाहा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे नाव संभाव्य यादीत आले की त्याला चांगली खेळपट्टी मिळते, चांगला प्रशिक्षक मिळतो, वर्षाला पाचपट डाव खेळायला मिळतात, दोनदा शून्यावर बाद झाला तरी तिसरी संधी मिळते. यादीबाहेरच्या मुलाला एकच डाव मिळतो, तोही आठव्या क्रमांकावर. पाच वर्षांनी दोघांची तुलना केली तर यादीतला मुलगा सरस दिसणारच. त्यातला यादीचा हात किती आणि मुलाचा किती?

अमेरिकेतली विद्यापीठे मुले गोळा करतात, तशा मुंबईत शाळा करत आल्या आहेत. याला आपण भरती म्हणत नाही एवढेच. आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, ही तर आता दंतकथाच झाली आहे. रोहित शर्मासाठी दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत फी माफ करवून घेतली. शाळेत आला तेव्हा तो ऑफस्पिन टाकणारा मुलगा होता, फलंदाज म्हणून कुठल्याही यादीत त्याचे नाव नव्हते. त्याच लाडसरांनी पालघरच्या शार्दूलला आपल्या शाळेत आणले. पालघरहून रोज ये-जा करताना पोराचे हाल होतात म्हणून स्वतःच्या घरात ठेवून घेतले. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, शार्दूलचे शालेय दिवस त्याच्या किती तरी आधीचे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घराची किंमत कळते. (२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून हा गडी अंधेरीहून लोकलनेच पालघरला गेला होता. डब्यातली पोरे मोबाइलवर त्याचा फोटो शोधून खात्री करून घेत होती म्हणे.) पृथ्वीचे वडील चिमुकल्या मुलाला घेऊन पहाटे विरारहून निघत. मुलगा वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डमध्ये खेळत होता. आई तो चार वर्षांचा असतानाच गेलेली.

हॅरिस ढालीतल्या अवाढव्य धावसंख्यांचे गुपित या भरतीत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वीने एका डावात ५४६ धावा केल्या. देशभर नाव झाले. चौदा वर्षांचे पोर पाचशे धावा करते यात कसब, दमसास, एकाग्रता सगळे आले, ते नाकारणारा कपाळकरंटा. पण शहरातली उत्तम मुले चार-पाच शाळांत एकवटली की उरलेल्या शाळांकडे गोलंदाजी कुठली उरणार? त्या ५४६ मध्ये पृथ्वी किती आणि शाळांच्या उतरंडीचा वाटा किती, हे धावफलक सांगत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. जगातला विक्रम. दोन दिवस वाहिन्यांच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या होत्या. समोरचा संघ कच्चा होता, सीमारेषा जवळ होती, हे सगळे मागाहून सांगितले गेले आणि मग त्या मुलाकडून दर डावात अचाट काही व्हावे अशी अपेक्षा होत राहिली. त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती, ती पुढे त्याच्या घरच्यांनी आपण होऊन परत केली. मला त्या चार अंकी धावसंख्येपेक्षा ही परत केलेली शिष्यवृत्ती जास्त बोलकी वाटते.

म्हणून हॅरिस ढाल फोल आहे का? तसे म्हणायचीही सोय नाही. तिथे डोंगराएवढ्या धावा केलेल्यांची नावे काढा. तेंडुलकर, कांबळी, ४३९ करणारा सर्फराज खान, ५४६ वाला पृथ्वी. चौघेही कसोटी खेळले. आपल्या पंधरा-सोळाच्या आतल्या यादीला डोळे आहेत हे कबूल केलेच पाहिजे. शंभरांविषयी ती खरे बोलते. प्रश्न आहे तो एकेकट्याचा.

फेब्रुवारी १९८८ चा तो सामना घ्या. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, ६६४ धावांची अखंड भागीदारी, विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. त्या दिवशीच्या धावफलकावरून क्रमवारी लावली तर कांबळी पहिला, तेंडुलकर दुसरा. पॅड बांधून दिवसभर तंबूत बसलेला अमोल मुझुमदार त्या यादीत नाहीच, त्याला फलंदाजीच मिळाली नाही. आणि झेवियर्सकडून मार खाणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. त्याचे स्थान तळाशी. पुढे काय झाले? पहिल्याने कसोटीत ५४ ची सरासरी राखली, लागोपाठ दोन द्विशतके केली आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी खेळून तो बाहेर पडला. दुसऱ्याबद्दल सांगायला नको. तिसऱ्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तो होता. आणि चौथा, ज्याला शाळकरी पोरांनी दिवसभर झोडपले, तो प्रथमश्रेणीत सहाशेच्या वर बळी घेऊन भारतासाठी कसोटी खेळला. कादंबरीत मी अशी पात्रे रचली असती तर संपादकाने योगायोग फार झाले म्हणून हस्तलिखित परत केले असते.

लिलावातल्या भावाबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण टपरीवर त्याचा फार घोळ होतो. भाव म्हणजे कुवतीचे माप अशी समजूत आहे. भावात आणखी तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. घेणाऱ्याची गरज, त्याच्या थैलीत उरलेले पैसे, आणि नाव कुठल्या वेळी पुकारले गेले ते. २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांची वाटणी झाली तेव्हा दिल्लीला आपल्याच गावचा विराट कोहली घेता आला असता. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा गोलंदाज घेतला. लोक आज हसतात. पण सेहवाग-गंभीर घरात असताना गोलंदाज शोधणे हा काही वेडेपणा नव्हता. त्यांनी गरज पाहिली, कुवतीचा निवाडा केलाच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये पंजाबने शशांक सिंगला २० लाखांत घेतले तेव्हा भलत्याच शशांकला घेतले असा गवगवा झाला. संघाने मागाहून तसा खुलासाही केला, की हवा होता तोच मिळाला. पुढच्या हंगामात या शशांकने साडेतीनशे धावा काढल्या. आणि २७ कोटींच्या पंतच्या २०२५ च्या हंगामात २६९ धावा झाल्या. बाजारात भेंडी महाग झाली म्हणून तिचा कस वाढला असे आपण समजत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र समजतो.

हे सगळे गमतीचे राहिले असते, जर त्याचा खर्च कुणाच्या घरातून होत नसता. आमच्या सोसायटीतला एक गृहस्थ, कारखान्यात सुपरवायझर, गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आला. मुलगा तेरा वर्षांचा, डावखुरा, इथल्या एका शिबिरातल्या यादीत दुसरा आला होता.

"काका, सर म्हणतात पोरात दम आहे. वांद्र्याकडे शाळा बदलायची, भाड्याने खोली घ्यायची. एफडी मोडू का?"

"यादी कुणी केली?" मी विचारले.

"सरांनीच."

"आणि शिबिर कुणाचं?"

तो जरा थांबला. "त्यांचंच."

बँकेत आम्ही अर्जदाराचे मूल्यांकन अर्जदाराकडूनच करून घेत नसू. फी घेणाऱ्यानेच गुण द्यायचे आणि गुणांवर पुढची फी ठरायची, ही रचना सचोटीच्या माणसालाही मोहात पाडणारी आहे. ते सर प्रामाणिक असतीलही. मी त्या गृहस्थाला तीन गोष्टी विचारून यायला सांगितल्या. नव्या शाळेच्या संघात याच्या वयाचे किती जण आहेत. गेल्या वर्षी त्यांतल्या तळाच्या पाच मुलांना प्रत्यक्ष किती डाव खेळायला मिळाले. आणि ज्यांना वगळले ती मुले आता कुठे आहेत. पहिल्याचे उत्तर लगेच आले, दुसऱ्याचे टाळाटाळीने. तिसऱ्याचे आलेच नाही.

पूर्वीच्या आणि आजच्या खेळात मला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. आमच्या काळी भाव मिळणे म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळणे. टाइम्स ढालीत बँकांचे संघ असत, अजित वाडेकर स्टेट बँकेत होते हे तेव्हा शाळकरी पोरांनाही पाठ होते. खेळात मोठा झाला नाही तर नाही, पण माणूस काउंटरवर बसायचा, परीक्षा द्यायचा, बढत्या घ्यायचा, निवृत्तिवेतन घेऊन घरी जायचा. माझ्याबरोबर अशी दोन-तीन माणसे होती आणि त्यांची रोकड कधी चुकत नसे. अंदाज चुकला तरी त्याखाली चादर धरलेली होती. आज आयपीएलच्या वरच्या शिडीवर कोटी आहेत आणि शिडीखाली बहुतेकांसाठी उघडी फरशी आहे. म्हणूनच आता यादी करणाऱ्यांची जबाबदारी कितीतरी वाढली आहे.

कॅश क्रेडिटची मर्यादा आम्ही एका वर्षासाठी देत असू. वर्ष संपले की नूतनीकरण. पुन्हा ताळेबंद, पुन्हा गाळ्याला भेट, पुन्हा गुण. कालचा उत्तम आज मध्यम होऊ शकतो आणि कालचा नापास आज वर येऊ शकतो, हे पद्धतीतच गृहीत धरलेले. वयोगटांच्या निवडीत नूतनीकरण होते ते बहुधा वरून खाली. यादीतून गळण्याची दारे चार, नव्याने शिरायचे एक. चौदाव्या वर्षी कुणाला मिसरूड फुटलेले असते, कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. हाडांच्या चाचणीने वयाची लबाडी पकडता येते, वाढीची घाई-दिरंगाई त्या मुलाच्या खात्यावर कोण मांडणार? तेव्हा सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी, आधीच्या याद्या बाजूला ठेवून, कोरी चाचणी व्हावी. आणि त्यातली एक विरारच्या या बाजूला व्हावी. वसईत डिसेंबरात कला-क्रीडा महोत्सव भरतो, मैदाने मिळतात, माणसे राबतात. पालघर, सफाळे, केळव्याच्या मुलाला दक्षिण मुंबईतल्या मैदानावर सकाळी उभे राहायचे तर तो अर्ध्या रात्री उठतो, गर्दीत किटची पिशवी डोक्यावर धरून उभा राहतो आणि मग त्याचे दहा चेंडू पाहून त्याला गुण मिळतात. दादरच्या मुलाचेही तेच दहा चेंडू, पण तो झोपून आलेला असतो.

सोसायटीतल्या त्या गृहस्थाने एफडी मोडली, पण अर्धीच. शाळा बदलली नाही. मुलगा शनिवार-रविवार बोरिवलीला जातो, बाकीचे दिवस इथल्या टर्फवर खेळतो. यंदाच्या शिबिराच्या यादीत तो नववा आला. बाप जरा खट्टू झाला होता. मुलाला विचारले तर म्हणाला, वरच्या आठांतले तिघे त्याच्या चेंडूवर बाद झाले होते. तो आता डावखुरा फिरकी टाकतो, हे यादी करणाऱ्यांनी कुठल्याच रकान्यात लिहिलेले नाही.